एन्ड्युरन्स रेसिंगचा ऑफ-सीझन: टीम आणि कंपन्या हिवाळ्यात करतात तरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवटच्या शर्यतीचा झेंडा पडला की ट्रॅकवर सामसूम होते आणि बातम्यांना ऊत येतो. अमुक कंपनी चालली, तमुक टीमने गाडी बदलली, कुणाचा ड्रायव्हर कुणी पळवला. एन्ड्युरन्स रेसिंग म्हणजे तासन् तास चालणाऱ्या शर्यती, ज्यात एकच गाडी दोघं-तिघं ड्रायव्हर आळीपाळीने पळवतात. या खेळात नवीन असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो. म्हणून दरवर्षी पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न एका जागी आणले आहेत.

हंगाम नक्की कधी संपतो आणि कधी सुरू होतो?

दोन मोठ्या मालिका धरून बोलू. जागतिक एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप, म्हणजे २०१२ पासून चालत आलेली डब्ल्यूईसी, २०२४ आणि २०२५ मध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला बहरीनच्या आठ तासांच्या शर्यतीने संपली. त्या दोन्ही वर्षी सुरुवात कतारमध्ये झाली होती, फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर. अमेरिकेतली इम्सा मालिका ऑक्टोबरात रोड अटलांटाच्या दहा तासांच्या ‘पेटिट ले मां’ने संपते आणि जानेवारीच्या अखेरीस डेटोनाच्या २४ तासांनी उघडते.

म्हणजे साडेतीन-चार महिने मोकळे, निदान कागदावर. त्यातही इम्सावाल्यांची गंमत अशी, की वर्षातली सर्वांत मोठी शर्यत त्यांच्याकडे सर्वांत आधी येते. शाळा उघडल्याच्या दिवशीच वार्षिक परीक्षा! त्यामुळे त्यांना दिवाळी-नाताळ कसलीच सुट्टी धड मिळत नाही.

मग या काळात गाड्यांचं काय करतात?

सुटी करतात. अक्षरशः. चाकं, बॉडीचे पॅनल, सस्पेन्शन, गीअरबॉक्स, इंजिन, वायरिंग असं एकेक उतरवत कार्बन फायबरचा नुसता सांगाडा उरेपर्यंत. मग प्रत्येक भागाची तपासणी सुरू होते. एन्ड्युरन्स गाडीतल्या महत्त्वाच्या भागांना किलोमीटरमध्ये मोजलेलं आयुष्य ठरवून दिलेलं असतं. एखादा सस्पेन्शनचा दांडा दिसायला कोरा करकरीत असला, तरी त्याच्या नोंदवहीतला आकडा भरला की तो बाद. डोळ्यांना न दिसणारी चीर शोधण्यासाठी वेगळ्या चाचण्या होतात. बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळला की त्यावर रंगाची बारीक रेघ ओढतात. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट हलला हे एका नजरेत कळतं.

हे सगळं कंटाळवाणं वाटेल, आणि आहेच. पण आकडा पाहा. फ्रान्समधली ले मांची २४ तासांची शर्यत ही या खेळातली सर्वांत प्रतिष्ठेची, एरवी जूनमध्ये होणारी. २०१० मध्ये तिथे ऑडीने ५,४१० किलोमीटर कापले. तो विक्रम अजून कायम आहे. फॉर्म्युला वनची एक शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते. म्हणजे सतराएक ग्रां प्री एका दमात, तीही रात्रीच्या अंधारासकट.

२४-३० तासांच्या चाचण्या कशासाठी? गाडी नीट चालते हे दोन तासांत कळत नाही का?

गाडी चालते हे दोन तासांत कळतं. ती कुठे मोडते हे कळायला रात्र जावी लागते.

२०१६ च्या ले मांमध्ये टोयोटाची गाडी आघाडीवर होती. शर्यतीला जेमतेम पाच-सहा मिनिटं उरली असताना ड्रायव्हर काझुकी नाकाजिमाचा आवाज रेडिओवर आला, गाडीत ताकदच नाही. शेवटची फेरी सुरू व्हायच्या बेतात असताना ती सरळ पिट्सच्या समोर थांबली आणि पोर्श जिंकली. टर्बो आणि इंटरकूलर यांना जोडणाऱ्या नळीच्या जोडणीत बिघाड होता. चोवीस तासांपैकी तेवीस तास पंचावन्न मिनिटं बरोबर चाललेली गाडी एका जोडणीने घरी पाठवली.

यानंतर टोयोटाने जे केलं ते मला या खेळातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. चाचणीत त्यांनी मुद्दाम अडचणी उभ्या करायला सुरुवात केली. तीन चाकांवर गाडी पिटपर्यंत आणायची, बिघडलेल्या यंत्रणेसह फेरी पूर्ण करायची, असले सराव ड्रायव्हरांकडून करून घेतले. २०१८ मध्ये त्यांनी ले मां जिंकली, ती त्याच नाकाजिमाला सोबत घेऊन. पुढे २०२२ पर्यंत ओळीने पाच वेळा.

चाचण्यांच्या वेळा पाहून कोण वेगवान आहे ते सांगता येतं का?

नाही. हिवाळ्यात सगळेच हातचं राखून पळवतात.

म्हणजे काय? वेगवान असूनही हळू का पळवायची?

कारण बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे बीओपी. हायपरकार या सर्वोच्च वर्गात व्ही-१२ इंजिनाची, हायब्रिड नसलेली ॲस्टन मार्टिन वाल्किरी आहे आणि टर्बो व्ही-६ हायब्रिड फेरारीही आहे. इतक्या वेगळ्या गाड्या एकत्र पळवायच्या तर कुणाला थोडं वजन लादावं लागतं, कुणाची ताकद थोडी छाटावी लागते. नियमांची मूळ चौकट साधारण ५०० किलोवॉट ताकद आणि किमान १,०३० किलो वजन अशी आहे. तिच्या आसपास आयोजक प्रत्येक गाडीचे आकडे ठरवतात.

आता तुम्ही टीमप्रमुख असाल आणि डिसेंबरमध्येच सगळ्यांना एक सेकंदाने मागे टाकलंत, तर काय होईल? पुढच्या तक्त्यात तुमच्या नावापुढे वजन वाढेल. म्हणून जो तो इंधनाची टाकी भरून फिरतो, शेवटच्या वळणावर पाय जरासा उचलतो आणि ‘आम्ही फक्त माहिती गोळा करतोय’ असं पत्रकारांना सांगतो. डब्ल्यूईसीमध्ये तर बीओपीवर जाहीर टीकाटिप्पणी करून दबाव आणायलाच नियमाने बंदी आहे. त्यामुळे मुलाखतींमध्ये टीमप्रमुख ‘त्या विषयावर बोलता येत नाही’ असं म्हणताना ज्या चेहऱ्याने हसतात, त्यातून काय तो अर्थ काढायचा.

सगळ्यांना सारखंच करायचं असेल, तर हिवाळ्यातल्या मेहनतीला अर्थ काय?

हा खरा प्रश्न आहे. माझं मत असं, की बीओपीमुळे हिवाळ्यातलं काम कमी झालं नाही, त्याचा रोख बदलला. बीओपी गाडीची ताकद आणि वजन मोजून समान करू शकते. पण टायर तिसऱ्यांदा वापरताना किती झिजतात, थंड टायरवर पिटमधून निघालेला ड्रायव्हर पहिल्या दोन फेऱ्यांत किती वेळ गमावतो, हायब्रिडचं सॉफ्टवेअर पहाटे चार वाजता गोंधळतं का, गाडीचं तुटलेलं नाक बदलायला किती सेकंद लागतात, हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही. जिंकणं-हरणं तिथे ठरतं.

टायरचंच घ्या. २०२३ पासून डब्ल्यूईसीत टायर गरम करण्याची उपकरणं बंद झाली. त्याच वर्षी बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर थंड, ओलसर हवेत थंड टायरवर बाहेर पडलेल्या गाड्या आपटल्या. शेवटी त्या वर्षीच्या ले मांपुरती सूट द्यावी लागली. तेव्हापासून हिवाळी चाचणीतला एक मोठा भाग म्हणजे मुद्दाम थंडगार टायर लावून बाहेर जाणं, पुन्हा आत येणं, पुन्हा बाहेर. बघायला काही नाही. पण जून महिन्यात पहाटे तीन वाजता याचेच पैसे वसूल होतात.

हिवाळ्यात गाडीत वाट्टेल ते बदल करता येतात का?

मुळीच नाही. गाडी एकदा मंजूर झाली, म्हणजे होमोलोगेट झाली, की तिचं रूप गोठवलं जातं. हवेने गाडी खाली किती दाबली जावी आणि हवेचा रोध किती असावा याला ठरावीक खिडकी असते आणि ते विंड टनेलमध्ये मोजलं जातं. पुढे सुधारणा करायच्या तर मोजक्याच परवानग्या मिळतात, त्यांना ‘इव्हो जोकर’ म्हणतात. पत्त्यांमधल्या जोकरसारखेच: एकदा टाकला की गेला.

प्यूजोचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. २०२२ मध्ये त्यांची ९एक्स८ मागच्या पंखाशिवाय आली. दिसायला अप्रतिम, मला तर अजूनही या काळातली सर्वांत देखणी गाडी तीच वाटते. पण तिची मांडणी पुढे-मागे सारख्याच रुंदीच्या टायरवर बेतलेली होती आणि स्पर्धक पुढे अरुंद, मागे रुंद टायर वापरून पुढे निघून गेले. शेवटी प्यूजोने मागच्या पंखाची, वेगळ्या टायरची, जवळजवळ नवीच गाडी बांधली. ती २०२४ च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत आली. आणि नशिबाची थट्टा अशी, की त्याआधी कतारमध्ये निरोप घेणारी बिनपंखाची जुनी गाडी दुसऱ्या क्रमांकावर धावत होती. अगदी शेवटी तिचं इंधन संपलं.

एलएमएच आणि एलएमडीएच यांत फरक काय? बातम्यांमध्ये सारखे येतात.

हायपरकार बांधायचे हे दोन रस्ते. थोडक्यात: एलएमएच म्हणजे कंपनी सगळी गाडी स्वतः बांधते (फेरारी, टोयोटा, प्यूजो). एलएमडीएच म्हणजे गाडीचा कणा ओरेका, डलारा, लिजिए आणि मल्टीमॅटिक या चारांपैकी एकाकडून घ्यायचा, हायब्रिड यंत्रणा सगळ्यांना एकच, आणि इंजिन व बाह्यरूप कंपनीचं (पोर्श, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू, अल्पाइन). दुसरा रस्ता स्वस्त. इतकं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

कंपन्या अशा अचानक का निघून जातात?

अचानक फक्त आपल्याला वाटतं. कंपनीच्या दृष्टीने शर्यत हा खर्चाचा एक रकाना असतो आणि तो रकाना वर्षाच्या शेवटी तपासला जातो. म्हणूनच वाईट बातम्या शरद ऋतू ते हिवाळा या काळात येतात.

२०१२ च्या जानेवारीत प्यूजोने कार्यक्रम बंद केला, तेव्हा नव्या जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत दोन महिन्यांवर आली होती. गाडी तयार, ड्रायव्हर तयार, आणि वरून निरोप आला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये निस्सानने पुढे इंजिन असलेली, पुढची चाकं फिरवणारी आपली विचित्र एलएमपी१ (तेव्हाचा सर्वोच्च वर्ग) गाडी गुंडाळली. ती फक्त एकच शर्यत, त्या वर्षीची ले मां, धावली होती. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ऑडीने निरोप घेतला. ले मांचे १३ विजय पदरात असलेली कंपनी, पण डिझेल घोटाळ्यानंतर डिझेल गाडी पळवून दाखवायची कुणाला? पुढच्या वर्षी पोर्शनेही तीन सलग विजयांनंतर गाशा गुंडाळला आणि विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई गाठली.

पोर्श परत आली, ९६३ ही नवी गाडी घेऊन. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी पुन्हा जाहीर केलं, की डब्ल्यूईसीतली फॅक्टरी टीम, म्हणजे कंपनीची अधिकृत टीम, त्या हंगामानंतर थांबणार, इम्सा मात्र चालू राहील. जुन्या चाहत्यांना यात नवल वाटलं नाही. वाईट वाटलं, ते वेगळं.

हरल्यामुळे कंपन्या जातात हा समज यातून काढून टाका. उलट, सगळं जिंकून झाल्यावर संचालक मंडळाला ‘आता आणखी काय दाखवायचं?’ असा प्रश्न पडतो.

नियमांमुळेही कुणी गेलं का?

हो. २०२५ पासून डब्ल्यूईसीच्या हायपरकार वर्गात प्रत्येक कंपनीने दोन गाड्या उतरवणं बंधनकारक झालं. लँबोर्गिनीची २०२४ मध्ये एकच गाडी होती. त्यांनी डब्ल्यूईसी सोडली. एका गाडीवर हौस भागवणाऱ्या छोट्या निर्मात्यांसाठी तर दारच बंद झाल्यासारखं आहे. २०२२ मध्ये ग्लिकेनहाउससारख्या चिमुकल्या निर्मात्याने ले मांमध्ये तिसरा क्रमांक काढला होता. तसं काही पुन्हा दिसेल असं मला वाटत नाही.

कंपनी गेली की टीमही संपते का?

इथे बहुतेकांची गल्लत होते. टीम आणि कंपनी या बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. गाडी कंपनीची असते. ती पळवणारी, ट्रक-हत्यारं-मेकॅनिक बाळगणारी टीम हा स्वतंत्र धंदा असतो. कंपनीने करार संपवला की टीम दुसरं घर शोधते.

योस्ट रेसिंगने ऑडीचे बरेचसे विजय घडवले. ऑडी गेल्यावर ती अमेरिकेत माझ्दाच्या गाड्या सांभाळायला गेली. बेल्जियमची डब्ल्यूआरटी वर्षानुवर्षं ऑडीची म्हणून ओळखली जायची. ऑडीने एलएमडीएचचा बेत रद्द करून फॉर्म्युला वनकडे मोर्चा वळवला, तेव्हा डब्ल्यूआरटीने बीएमडब्ल्यूशी हात मिळवला. ब्रिटनच्या जोटाने २०२४ मध्ये स्पाची शर्यत विकत घेतलेल्या पोर्शने जिंकली, तीही पोर्शच्या फॅक्टरी टीमला हरवून, आणि २०२५ मध्ये ती कॅडिलॅकची अधिकृत टीम झाली. आयर्न लिंक्सने लँबोर्गिनी सोडून एलएमजीटी३ मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांच्या वर्गात, मर्सिडीज घेतली.

अशा बदलात हिवाळा कसा जातो याची कल्पना करा. तीच माणसं, तीच गॅरेज, पण प्रत्येक पाना नव्या जागी बसवायचा. जुन्या गाडीचं इंजिन उतरवायचा क्रम हातात बसलेला असतो. नव्या गाडीत तोच हात चुकीच्या बोल्टकडे जातो. हाताची ही सवय मोडायला सरावाशिवाय इलाज नाही.

नवीन कंपनी यायची तर किती आधीपासून तयारी करते?

दोन वर्षं तरी. ह्युंदाईचा महागड्या गाड्यांचा ब्रँड जेनेसिस हे ताजं उदाहरण. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आंद्रे लोटरर आणि पिपो देरानी ही ड्रायव्हरांची पहिली दोन नावं जाहीर केली, आणि उतरायचं ठरवलं २०२६ मध्ये. मधल्या २०२५ च्या वर्षात त्यांनी आयडेक स्पोर्ट या टीमसोबत युरोपियन ले मां मालिकेत एलएमपी२, म्हणजे हायपरकारच्या खालच्या वर्गातली, गाडी पळवली. गाडी स्वतःची नसली तरी चालेल, माणसांना शर्यतीची सवय झाली पाहिजे, हा त्यामागचा हिशोब. फोर्ड आणि मॅक्लारेन यांनी २०२७ धरून असंच काम हाती घेतलं.

फेरारीने मात्र हा काळ जणू गिळून टाकला. ४९९पी २०२२ च्या ऑक्टोबरअखेर जगाला दाखवली, आणि २०२३ च्या जूनमध्ये पहिल्याच प्रयत्नात ले मां जिंकली. सर्वोच्च वर्गात ५० वर्षांनी परतून! पुढे २०२४ आणि २०२५ सुद्धा त्यांचीच.

ड्रायव्हर कसे निवडतात? तीन जण एका गाडीत कसे भागवतात?

वेग सगळ्यांकडे असतो. बघतात ते स्वभाव. तिघांना एकाच सेटिंगवर गाडी चालवायची असते, त्यामुळे ‘मला गाडी अशीच हवी’ म्हणणारा माणूस कितीही वेगवान असला तरी डोईजड होतो.

हिवाळ्यात सीटचं एक वेगळंच नाट्य चालतं. तिघांत जो सर्वांत धिप्पाड, त्याच्या मापाने मूळ सीट बनते. बाकीचे आपापल्या मापाची आतली गादी घेऊन बसतात. ड्रायव्हर बदलताना उतरणारा आपली गादी उचलून बाहेर पडतो, चढणारा स्वतःची आत टाकतो, मग पट्टे, रेडिओची तार, पाण्याची नळी. हे सगळं इंधन भरून होईपर्यंत उरकायचं. गॅरेजमध्ये थांबलेल्या गाडीवर हाच सराव शेकडो वेळा होतो, हेल्मेटसकट.

आणि एक दर्जाचं प्रकरण आहे. ड्रायव्हरांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे दर्जे असतात. एलएमजीटी३ मध्ये प्रत्येक गाडीत एक ब्राँझ, म्हणजे बहुधा हौशी आणि पुष्कळदा पैसे भरणारा, ड्रायव्हर लागतोच. त्यामुळे वेगवान सिल्व्हर ड्रायव्हरला सोन्याचा भाव असतो. गंमत म्हणजे तोच चांगला चालवून गोल्ड झाला, की त्याची मागणी घटते. बढती मिळाल्याचं दुःख होणारा हा एकमेव धंदा असावा.

हिवाळ्यात कुणीच शर्यत लावत नाही का?

लावतात की. एशियन ले मां मालिका मुद्दाम हिवाळ्यातच असते, सेपांग आणि आखातातल्या ट्रॅकवर. तिच्या विजेत्यांना जूनच्या ले मांचं थेट आमंत्रण मिळतं, आणि ले मांच्या ६२ जागांसाठी किती रांग असते हे माहीत असेल तर त्या आमंत्रणाची किंमत कळेल. शिवाय जानेवारीत दुबईचे २४ तास आणि फेब्रुवारीत बाथर्स्टचे १२ तास.

हंगामच हिवाळ्यात न्यायचा प्रयत्न झाला होता ना?

झाला होता. पोर्श गेल्यानंतर २०१८-१९ चा ‘सुपर सीझन’ आखला: मे २०१८ मध्ये स्पापासून जून २०१९ मध्ये ले मांपर्यंत, एकाच हंगामात दोन ले मां. पुढचा हंगाम सप्टेंबरमध्ये सिल्व्हरस्टोनला सुरू केला, म्हणजे ले मां कायम शेवटी यावी. कल्पना मला आवडली होती. करोनाने सगळं उधळलं, २०२० ची ले मां सप्टेंबरमध्ये प्रेक्षकांविना झाली, आणि २०२१ पासून कॅलेंडर पुन्हा जुन्या वळणावर आलं.

निवृत्त गाड्यांचं काय होतं?

बहुतेक संग्रहालयात किंवा संग्राहकांकडे जातात. एखादीला शेवटची मजा करू देतात. पोर्शने ९१९ हायब्रिडवरची नियमांची सगळी बंधनं काढून तिची ‘इव्हो’ आवृत्ती बनवली. २०१८ च्या जूनमध्ये टिमो बर्नहार्डने ती न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर ५ मिनिटं १९.५४६ सेकंदांत फिरवली. बीओपी नाही, वजनाची सक्ती नाही. गाडीतल्या कॅमेऱ्याची (ऑनबोर्ड) चित्रफीत शोधून जरूर बघा. रस्ता मागे पळतो आहे की गुंडाळला जातो आहे, कळत नाही.

ऑफ-सीझनच्या अफवांपैकी कशावर विश्वास ठेवावा?

ड्रायव्हरांच्या अफवांवर निम्मा. कंपन्यांच्या अफवांवर, ‘येणार’ असेल तर थोडा, ‘जाणार’ असेल तर बराच. आणि टीममधले अनुभवी इंजिनिअर एकापाठोपाठ एक दुसरीकडे नोकरी धरू लागले, तर पूर्ण. त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

नव्याने बघायला सुरुवात करायची आहे. कुठून करू?

डेटोनापासून. चोवीसच्या चोवीस तास बघायचा हट्ट धरू नका. पहिला एक तास, मध्यरात्रीनंतरचा एखादा आणि शेवटचे तीन. एकच गाडी निवडा आणि तिच्याच मागे राहा. २०२१ मध्ये ले मांच्या एलएमपी२ वर्गात डब्ल्यूआरटीची ४१ क्रमांकाची गाडी आघाडीवर असताना शेवटच्या फेरीत बंद पडली. तिच्या तिघा ड्रायव्हरांत रॉबर्ट कुबित्सा आणि ये यिफे होते. ज्यांनी तेव्हापासून त्या दोघांचा माग ठेवला, त्यांना २०२५ च्या जूनमध्ये ८३ क्रमांकाच्या पिवळ्या फेरारीने ले मां जिंकल्याचं बघायला मिळालं. कुबित्सा आणि ये दोघेही तिच्यात होते, सोबत फिल हॅन्सन, आणि शेवटच्या फेरीत चाकामागे कुबित्साच होता.